पडदा काळा पडला म्हणजे

"आमचा संगणक बिघडला" हें वाक्य हल्लीं घरोघर ऐकूं येतें. "म्हणजे नेमकें काय झालें?" असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळतें, "पडद्यावर कांहींच दिसत नाहीं." या दोन विधानांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तें ओळखतां न आल्यामुळें लोकांचा पैसा जातो, वेळ जातो, आणि पुष्कळदां उगाच जीव घाबरा होतो.

मॉनिटर केवळ दाखविण्याचें काम करतो. आपण लिहिलेलीं पत्रें, नातवंडांचीं छायाचित्रें, दुकानाचे हिशेब, यांपैकीं कांहींही त्याच्या पोटांत नसतें. तें सारें संगणकाच्या पेटींत असतें. म्हणून पडदा अकस्मात् काळा पडला तरी 'सगळें गेलें' म्हणून कपाळाला हात लावण्याचें कारण नाहीं. नाटकगृहांतील दिवे गेले म्हणून रंगभूमीवरील नट नाहींसे होत नाहींत.

आमच्या नेसरीकडे उंसाला पाणी पाजणारा शेतकरी शेवटच्या वाफ्यांत पाणी आलें नाहीं म्हणून वाफ्याशीं भांडत बसत नाहीं. तो खोरें खांद्यावर टाकतो आणि पाटाच्या कडेनें वर वर चालूं लागतो. कोठें बांध फुटला आहे, कोठें खेकड्यानें भोंक पाडलें आहे, कीं मुळांत मोटारच बंद आहे, हें तो एकेक टप्पा पाहून ठरवितो. मॉनिटर हा असाच शेवटचा वाफा समजावा. त्याच्याकडे दोन पाट येतात. एक विजेचा, दुसरा चित्राचा. दोहोंपैकीं कोणता आटला आहे एवढें कळलें कीं अर्धें काम झालें.

तें कळण्याची सोय यंत्र बनविणाऱ्यांनींच करून ठेविली आहे. मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बारीकसा दिवा असतो. हा दिवा मुळींच लागत नसेल तर विजेचा पाट पहावा. दिवा लागलेला आहे, अगर नारिंगी रंगाचा होऊन मंद लुकलुकतो आहे, आणि पडदा मात्र काळा आहे, तर विजेची बाजू बहुधा ठीक असून चित्राचा पाट कोठें तरी तुटला आहे.

विजेची बाजू प्रथम घेऊं. भिंतींतील सॉकेटमध्यें वीज आहे किंवा नाहीं, हें तेथें मोबाईलचा चार्जर लावून पहावें. मग मॉनिटरच्या पाठीमागें जी तार शिरते ती आंतपर्यंत दाबावी. ती निम्मीच बसलेली असणें ही अत्यंत नेहमींची गोष्ट आहे. कांहीं मॉनिटरांच्या पाठीशीं निराळें बटण असतें व झाडलोट करतांना तें नकळत बंद होतें. तार मध्येंच एका काळ्या ठोकळ्यांतून, म्हणजे अडॉप्टरमधून, जात असेल तर त्यावरील दिवाही पहावा. सारें ठीक असून दिवा लागत नसेल तर प्लग काढून पांच मिनिटें स्वस्थ रहावें आणि पुन्हां लावावा. इतक्यानेंही कांहीं न झाल्यास दोष मॉनिटरच्या अगर अडॉप्टरच्या आंत आहे. तेथें आपलें काम संपलें.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खेड्यांत काय आणि शहरांत काय, कोणतेंही यंत्र बंद पडलें कीं 'होल्टेज'ला शिव्या देण्याची चाल पडली आहे. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब 230 व्होल्ट ठरलेला आहे. मॉनिटरच्या पाठीवरील चिठ्ठी वाचली तर बहुतेक ठिकाणीं 100 ते 240 व्होल्ट असें छापलेलें आढळेल. म्हणजे दाब थोडा उतरला तर पंखा मंदावेल, परंतु मॉनिटरास त्याची दाद सहसा लागणार नाहीं. त्याला खरें भय विजेच्या धक्क्याचें आहे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळवाचे ढग जमूं लागले कीं शहाणे लोक प्लग काढून ठेवतात. बटण बंद करणें पुरेसें नाहीं. प्लग काढावा, आणि इंटरनेटची तांब्याची तार घरांत येत असल्यास तीही सोडवावी.

आतां चित्राचा पाट. हा भाग अधिक रसाळ आहे, कारण येथेंच लोक सर्वांत जास्त फसतात. पडद्यावर 'नो सिग्नल' अशीं अक्षरें क्षणभर उमटून जात असतील तर तो मॉनिटर आपल्या परीनें सांगत असतो कीं, मी जागा आहें, मला कोणी चित्र देत नाहीं. अशा वेळीं पहिला प्रश्न असा कीं, संगणक तरी जागा आहे काय? पुष्कळदां तो केवळ झोंपलेला असतो. एखादी कळ दाबावी अगर माऊस हलवावा. दुसरा प्रश्न केबलचा. ती दोन्ही टोकांस काढून पुन्हां नीट बसवावी, आणि जुन्या पद्धतीच्या निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलचे दोन्ही स्क्रू आंवळावे. तिसरा प्रश्न दाराचा. मॉनिटरास व्हीजीए, एचडीएमआय अशीं दोनतीन दारें असतात. केबल एका दाराशीं आणि मॉनिटर वाट पाहतो दुसऱ्या दाराशीं, असें झालें म्हणजे भेट व्हावी कशी? 'सोर्स' किंवा 'इनपुट' असें लिहिलेल्या बटणानें योग्य दार निवडावें. चौथा प्रश्न संगणकाच्या पेटीच्या पाठीमागचा. चित्रासाठीं निराळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असेल तर केबल त्या कार्डालाच लावली पाहिजे. वरच्या बाजूस मदरबोर्डाचें तसेंच दार मोकळें दिसतें, तेथें ती लावली तर बहुधा पडदा काळाच राहतो.

एवढ्यानें उलगडा न झाल्यास बदलाबदलीची कसोटी लावावी. आज घरोघर असलेला टीव्ही येथें आपला पंच होऊं शकतो. संगणकाची एचडीएमआय केबल मॉनिटरमधून काढून टीव्हीला लावा. टीव्हीवर चित्र आलें तर संगणक व केबल दोन्ही निर्दोष ठरलीं, दोष मॉनिटरचा. तेथेंही चित्र न आल्यास दुसरी केबल लावून पहावी. तरीही काळोखच असेल तर संशयाचा कांटा संगणकाकडे वळतो. मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. केबलही बदलली, दारही बदललें, आणि चित्र आलें, तर कशानें आलें हें कधींच कळत नाहीं. लॅपटॉपचा पडदा गेला असतांही हीच कसोटी उपयोगी पडते; टीव्हीवर चित्र उमटलें कीं आंतील कागदपत्रें सुरक्षित असल्याची ग्वाही मिळते व दुरुस्तीस देण्यापूर्वीं त्यांची प्रत काढून ठेवतां येते.

माझ्या ओळखीच्या एका घरीं मुलीचा परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता आणि मुदत त्याच रात्रीं बारा वाजेपर्यंत होती. तिन्हीसांजेस पडदा काळा पडला. एका दुरुस्तीवाल्यास फोन केला तों त्यानें यंत्र न पाहतांच मदरबोर्ड गेल्याचा निकाल देऊन कित्येक हजारांचा आंकडा सांगितला. मुलीची आई रडकुंडीस आली. साडेनऊच्या सुमारास शेजारच्या मुलानें मॉनिटरचा दिवा पाहिला, नारिंगी. मग टेबलाखालीं हात घालून केबल चांचपली, ती एका बाजूनें लोंबत होती. दुपारीं तेथें खोका सरकविला गेला होता. केबल दाबतांच पडदा उजळला आणि अर्ज मुदतींत गेला. आमच्या गांवीं जाणता माणूस गडहिंग्लजहून यावा लागतो, म्हणून हें ज्ञान आम्हांस गरजेचें. आपणां शहरवासीयांस तो लौकर मिळतो; परंतु तो काय म्हणतो हें पारखून घेण्यापुरतें तरी आपणांपाशीं असावें.

शाळांच्या सभागृहांत प्रोजेक्टर लावल्यावर लॅपटॉपचा पडदा काळा होतो व मास्तर घाबरतात. तेथें बिघाड कांहींच नसतो. चित्र केवळ दुसऱ्या पडद्याकडे पाठविलें गेलेलें असतें. प्रोजेक्टरची केबल काढावी, किंवा विंडोजचें चिन्ह असलेली कळ धरून 'पी' दाबावी व हवा तो पर्याय घ्यावा. तसेंच विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्यास चित्र रचणारा विभाग नव्यानें सुरू होतो. थिजलेला काळा पडदा कधीं कधीं एवढ्यानेंच सावध होतो.

आणखी एक प्रकार मोठा चमत्कारिक आहे. दिवा लागलेला, संगणक चालू, आणि पडदा काळा. पण अंधाऱ्या खोलींत बॅटरीचा झोत तिरपा टाकून जवळून पाहिलें तर आंत चित्राची पुसट छाया दिसते! हें समजण्यास पडद्याची रचना थोडी जाणली पाहिजे. 1888 सालीं फ्रीड्रिख रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञास धड द्रव नव्हे व धड स्फटिक नव्हे असा एक पदार्थ आढळला. त्यासच पुढें द्रवस्फटिक हें नांव मिळालें. आपल्या देशांत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत एस्. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1977 मध्यें तबकडीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून या शास्त्रांत मोलाची भर घातली. या पदार्थाला स्वतःचा उजेड नाहीं. पडद्याच्या पाठीमागें दिवे असतात व द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांप्रमाणें त्यांचा प्रकाश अडवितात किंवा सोडतात. मागचे दिवे विझले तर झडपा उघडझांप करीत राहतात, चित्र तयार होतें, आणि आपणांस मात्र काळोख दिसतो. ही दुरुस्ती घरची नव्हे. पण "मागचा दिवा गेला आहे" एवढें सांगतां आलें तरी दुकानदार आपणांशीं निराळ्या सुरांत बोलतो.

रंग बिघडले तर त्यांतही तर्काला जागा आहे. पडद्यावरील प्रत्येक रंग तांबडा, हिरवा व निळा या तिहींच्या मिश्रणानें होतो आणि व्हीजीए केबलमध्यें त्या तिहींस निरनिराळ्या तारा असतात. निळ्याची तार सुटली कीं सर्वत्र पिवळी छटा पसरते. हिरव्याची सुटली तर जांभळट गुलाबी. तांबड्याची सुटली तर निळसर हिरवी. केबल काढून तिच्या तोंडांतील टांचण्या पहाव्या. एखादी वांकलेली असेल तर यंत्र बंद असतां चिमट्यानें हलकेंच सरळ करावी. पंधरांच्या जागीं चौदाच टांचण्या दिसल्या तर दचकूं नये. दुसऱ्या रांगेंतील एक कित्येकदां कारखान्यांतूनच वगळलेली असते. मात्र रोज संध्याकाळींच पडदा पिवळसर होत असेल तर केबलला हात लावण्याचें कारण नाहीं. डोळ्यांस आराम मिळावा म्हणून संगणकांतच 'नाइट लाइट' नांवाची सोय कोणीतरी चालू केलेली असते.

अक्षरें पुसट व फुगीर दिसूं लागलीं तर चष्म्याचा नंबर वाढला असें समजण्यापूर्वीं संगणकांतील 'रिझोल्यूशन' पहावें. 1920 बाय 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके ठरलेल्या जागीं बसविलेले असतात. संगणक त्याहून कमी ठिपक्यांचें चित्र पाठवूं लागला म्हणजे तें ओढूनताणून बसवावें लागतें व अक्षरांची धार जाते. इतक्या ठिपक्यांत एखादा काळा निघाला तर त्याबद्दल फार दुःख करूं नये, आणि तो बोटानें दाबून बरा करण्याचा प्रयत्न तर मुळींच करूं नये. पडदा लुकलुकत असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळांनीं टास्क मॅनेजर उघडावा. त्याची खिडकीही लुकलुकली तर चित्र हांकणारी आज्ञावली, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर, सदोष असावी; ती स्थिर राहून बाकीचें लुकलुकलें तर एखाद्या कार्यक्रमाचा दोष असावा. संगणक चालू होतांच, विंडोज दिसूं लागण्यापूर्वींपासूनच, लुकलुक असेल तर मात्र केबल व मॉनिटर यांकडेच पहावें.

2001 सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि एमएस-सीआयटीच्या वर्गांमुळें संगणक गांवोगांवीं पोंचला. त्या काळचे पेटाऱ्याएवढे कांचनळीचे मॉनिटर अद्याप कोठें कोठें माळ्यावर पडलेले असतात. त्यांच्या आंत कित्येक हजार व्होल्टांचा दाब असे, आणि प्लग काढल्यावरही तो कांहीं काळ टिकून राहतो. हल्लींच्या सपाट मॉनिटरमध्येंही विजेचा सांठा करणारे भाग आहेत. सबब पाठीमागचें झांकण घरीं उघडूं नये, मग हातीं कितीही चांगला पेचकस असो.

साफसफाईविषयीं थोडेंसें. पडदा बंद करून कोरड्या मऊ फडक्यानें हलक्या हातानें पुसावा. डाग न निघाल्यास फडकें किंचित् ओलें करावें. पाणी पडद्यावर शिंपडूं नये, कारण ओघळ खालच्या कडेंतून आंत उतरतो. खिडकीच्या कांचा पुसण्याचें अमोनियायुक्त औषध येथें वर्ज्य. खंडेनवमीस शस्त्रांबरोबर संगणकाची पूजा करण्याची पद्धत आतां रूढ झाली आहे व ती मला आवडते. फक्त हळदकुंकवाचीं बोटें पडद्याऐवजीं त्याच्या पायावर टेकवावीं.

आणि मॉनिटर खरोखरच निकामी ठरला तर तो भंगाराच्या गाड्यावर चढवूं नये. जुन्या कांचनळींत शिसें असतें, पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांमागील दिव्यांत पारा असतो, आणि दोन्ही फोडून उकिरड्यावर टाकल्यास जमिनींत व पाण्यांत उतरतात. आपल्या देशांत 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम अंमलांत आले असून त्यांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच असें सामान पोंचलें पाहिजे. मॉनिटर देतेवेळीं तें केंद्र नोंदलेलें आहे काय हें विचारावें, आणि पावती मागून घ्यावी.