जत्रेच्या पंगतीतील एक निरामिष पान

रुग्णाचा आहार विचारताना आपण बहुधा त्याचा नित्याचा दिवस विचारतो. सणाचा, जत्रेचा, पाहुण्यांनी घर भरलेला दिवस विचारण्याचा प्रघात आपल्यात फारसा नाही. वर्षातील हे मोजके दिवस एका रुग्णवर्गास मात्र फार अवघड जातात. हा वर्ग म्हणजे मांसाहारी कुटुंबातील एकमेव निरामिषभोजी व्यक्ती. तिच्या तक्रारी आपल्याकडे अम्लपित्त, आध्मान, दौर्बल्य अशा परिचित नावांनी येतात आणि परिचित औषधे घेऊन परत जातात.

पश्चिम महाराष्ट्रात ही व्यक्ती बहुतेक वेळा माळकरी असते. पंढरीची वारी, एकादशीचे व्रत, गळ्यात तुळशीची माळ आणि मद्यमांस वर्ज्य, हा तिचा नेम. घरातील इतरांनी माळ घातलेली नसते व घालावी असा तिचा आग्रहही नसतो. आषाढी एकादशीस विठ्ठलाचे दर्शन घेऊन परतल्यावर तीन आठवडे पुरे होण्याच्या आत आषाढी अमावास्या येते आणि श्रावण लागण्यापूर्वीचे सामिष जेवण घराघरांत शिजते. होळीनंतरची धुळवड, चैत्रातील गावोगावच्या यात्रा, कोकणात काही समाजांत गौरीला दाखविला जाणारा तिखटाचा नैवेद्य, हे त्याच मालिकेतील दिवस. अनेक गावांत यात्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा गोडा नैवेद्य असतो व दुसऱ्या दिवशी खारा. पहिल्या दिवशी सारे घर एका पंगतीत जेवते. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा असतो. माळकरी पाचसात असले तर त्यांची वेगळी पंगत मानाने बसते. घरात एकच असला तर त्याची अडचण होते. शाकाहारी माहेरातून आलेली सून, किंवा अंगणात महिनाभर ज्याच्याशी खेळलो तो बोकड ताटात आलेला पाहून मांसाचे नाव टाकलेले एखादे लेकरू, यांचीही गत तीच.

आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या साठीच्या आतबाहेरच्या एक माळकरी बाईंचे उदाहरण येथे देतो. अम्लपित्त, शिरःशूल व चक्कर ही त्यांची लक्षणे दरवर्षी यात्रेनंतरच उद्भवतात, हे ध्यानात घेऊन आम्ही त्या एका दिवसाची दिनचर्या तपशिलाने विचारली. पहाटे चारला उठून वाटणाची तयारी, मग भाकऱ्या, मधून मधून चहा. मटण त्या स्वतः शिजवीत. मिठाची चव मात्र धाकट्या सुनेकडून घेववीत. दुपारी बारापासून पंगती उठत. शेवटची पंगत आटोपल्यावर पुन्हा स्नान करून पाचच्या सुमारास त्या जेवायला बसत. पानात काय, तर गार भाकरी, ठेचा, थोडे दही आणि आदल्या दिवशीची पुरणपोळी. सोबत आलेला मुलगा म्हणाला, "आईला काही लागतच नाही." बाई म्हणाल्या, "एका जिवासाठी कुठं दुसरी चूल पेटवायची?" या दोन वाक्यांत निदान पुरे झाले. घरातील कुणाच्या मनात आईची उपेक्षा नव्हती. चाळीस माणसांचा स्वयंपाक ठरताना तिच्या पानाचा विचार कोणी केला नव्हता, इतकेच.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या प्रथम अध्यायात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने या पानाला लावून पाहावीत. द्रव्ये रूक्ष व तीक्ष्ण, संयोग आंबट-तिखटाचा, काल टळलेला, अन्न गार, उपयोक्ता श्रमलेला. उपयोगसंस्थेतील उष्ण व स्निग्ध भोजनाचा, इष्ट देशी स्वस्थ चित्ताने जेवण्याचा नियम तर कोठेच पाळलेला नाही. पुढच्याच अध्यायात आचार्य सांगतात की पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ते पचत नाही. सर्वांना वाढून झाल्यावर माजघरात एकटीने उरकलेले जेवण या यादीच्या फार दूर नाही.

आमचे मत असे की, निरामिष पान हे सामिष पानातून मांस वजा करून तयार होत नाही. मांस काढले की त्या पानाचा गाभाच जातो व उरतात ती तोंडीलावणी. त्या जागी तितक्याच तोलाचा एक पदार्थ हवा आणि तो आपल्या प्रांतोप्रांतींच्या पाककृतींत पूर्वीपासून आहे. कोल्हापूर-सांगलीकडे अख्खा मसूर, विदर्भात पाटवडीचा रस्सा, मालवणी मुलखात वड्यांबरोबर काळ्या वाटाण्याचे सांबारे. हे पदार्थ त्याच वाटणाच्या व त्याच मसाल्याच्या घरातले आहेत. पंगतीत ते परके दिसत नाहीत. सोयाबीनच्या वड्यांना मटणाचे रूप देण्याची अलीकडे टूम आहे. पुष्कळ माळकऱ्यांना त्या साम्याचीच किळस येते, तेव्हा विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

उपर्युक्त बाईंच्या थोरल्या सूनबाईंना आम्ही बोलावून घेतले. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, खसखस व आले-लसूण यांचे वाटण तयार झाले की ते मटणाला लागण्यापूर्वी त्यातील एक वाटा वेगळा काढावा. अख्खा मसूर आदल्या रात्री भिजत घालून सकाळी सर्वांत आधी, स्वतंत्र पातेल्यात शिजवावा. पातेल्याची पळी स्वतंत्र ठेवावी. तळण असल्यास मासळीपूर्वी निरामिष तळण काढावे. मसूर रूक्ष व ग्राही असल्यामुळे हिंगाची फोडणी व वरून चमचाभर तूप आवश्यक. वातप्रकृतीच्या किंवा वृद्ध माणसासाठी मसुराऐवजी मूग बरे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणाऱ्यांसाठी ओले खोबरे, आले, कोथिंबीर व तीळ यांचे वाटण करावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सासूबाईंनी पहिल्या पंगतीस बसावे. ही शेवटची सूचना सूनबाईंनी तत्काळ मान्य केली. बाईंनाच ती पटायला वेळ लागला. पुढच्या यात्रेनंतर त्या आल्या नाहीत. वैशाखात गुडघेदुखीसाठी आल्या तेव्हा कळले की मसुराचे पातेले पाहुण्यांनीच पुसून नेले होते व यंदा दुप्पट भिजत घालावा लागणार आहे.

प्रथिनांचा हिशेबही सांगण्याजोगा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस प्रतिदिन दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे पन्नास किलो वजनास सुमारे ४१ ग्रॅम प्रथिने लागतात. चाळीस ग्रॅम कोरड्या मसुरातून नऊ-दहा ग्रॅम मिळतात. ठेच्यातून काय मिळते, हे वाचकांस सांगायला नको.

नातेवाइकांच्या आग्रहाचा विषय अधिक नाजूक आहे. "फोडी बाजूला करतो, नुसता रस्सा घे", "एका घासाने माळ बाटत नाही" ही वाक्ये प्रेमापोटीच येतात. आमचा अनुभव असा की पानावर बसून केलेला खुलासा वाद वाढवितो. आदल्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्या स्त्रीला शांतपणे सांगितलेले पुरते. काही शाकाहारी रुग्ण आपल्याकडून आधार मागतात: आयुर्वेदात मांस निषिद्ध आहे असे वैद्यांनीच सांगितले, हे त्यांना पंगतीत ऐकवायचे असते. तो आधार आपण देऊ नये, कारण तो खरा नाही. चरकसंहितेत मांसवर्ग सविस्तर वर्णिला असून बृंहणीय द्रव्यांत मांसास श्रेष्ठ म्हटले आहे. नेम हा त्या व्यक्तीचा आहे. त्याला शास्त्राची खोटी साक्ष नको.

त्याच न्यायाने, कृश रुग्ण दिसताच माळ बाजूला ठेवून मांसरस घेण्याचा सल्ला देणाऱ्या व्यवसायबंधूंनीही विचार करावा. वीस-पंचवीस वर्षे जे द्रव्य पोटात गेले नाही ते आता सात्म्य राहिलेले नसते, आणि ज्याची घृणा येते ते मनासही पथ्य नाही. त्याच अध्यायात जीवनीयांत श्रेष्ठ म्हटलेले दूध आहे. तूप, तीळ, खजूर, उडीद आहेत. बृंहणाचा मार्ग अडलेला नाही.

एका बाबतीत मात्र दक्षता हवी. दूध-दही जेमतेम घेणाऱ्या, वर्षानुवर्षे निरामिष असलेल्या रुग्णास तळपायांना मुंग्या, जिभेचा दाह, पांडुता, विस्मरण अशी लक्षणे असतील तर केवळ वातव्याधी समजून तैल व गुग्गुळावर थांबू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी व न्यूनता आढळल्यास ते द्यावे. हे जीवनसत्त्व जीवाणूंच्या साह्याने तयार केले जाते, तेव्हा गोळीच्या रूपात घेण्यास माळकऱ्यास सहसा हरकत नसते. कॅप्सूलचे तसे नाही. तिचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले असते. वनस्पतिजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात.

हा भाग औषधविक्रेत्या बंधूंच्या अधिक उपयोगाचा. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुकानात अजीर्णाच्या औषधांस मोठी मागणी असते आणि हात सहज शंखवटीच्या डबीकडे जातो. शंखवटीत शंखभस्म आहे. शंख हे प्राण्याचे कवच. गळ्यात माळ दिसली तर तेवढे सांगून मग औषध द्यावे. काही माळकरी, शंख देवपूजेतला आहे म्हणून निःशंकपणे घेतात, काही घेत नाहीत. न घेणाऱ्यांसाठी ताकाबरोबर लवणभास्कर चूर्ण, किंवा पहिल्या घासास तुपासह हिंग्वाष्टक आहेच. मुक्ता, प्रवाळ, कपर्दिक यांची भस्मे असलेल्या कल्पांसंबंधी हाच खुलासा गिऱ्हाईक विचारण्याची वाट न पाहता करावा. आमच्या गावातील एका औषधविक्रेत्यांनी अशा कल्पांच्या डब्यांवर शाईने लहानशी खूण करून ठेवली आहे. यात्रेच्या गर्दीत दुकानी असलेल्या मुलालाही ती पुरते.