दिवसाची वीज आणि खाणीची माणसं

गेल्या आठवड्यात आपण शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पाहिली. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या करडी परिसरातल्या धान उत्पादकाला रोवणीच्या दिवसांत दिवसा वीज हवी आहे. ती त्याला मिळायलाच हवी. पण विदर्भातली वीज दशकानुदशकं मुख्यतः कोळशावर तयार झाली. तो कोळसा काढणाऱ्या वणी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेडच्या माणसांचं पुढे काय?

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, खाणी आज-उद्या सौर पॅनेलमुळे बंद पडणार आहेत, असं मुळीच नाही. आतापर्यंत भूमिगत खाणी बंद झाल्या त्या प्रामुख्याने कोळसा संपल्यामुळे किंवा तो काढणं परवडेनासं झाल्यामुळे. पण खाण बंद झाल्यावर काय होतं, ते त्यातून दिसतं. कायम कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते. ठेकेदाराकडच्या डंपरचालकाला, खाणीबाहेरच्या चहावाल्याला बदलीचा आदेश मिळत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न खाणीसाठी जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांचा आहे. कोल इंडियाच्या धोरणाप्रमाणे दोन एकरांमागे एक नोकरी. बापाला नोकरी लागली, तो निवृत्त झाला. मुलाकडे नोकरी नाही, आणि वावर तर ओपन कास्टच्या खड्ड्यात गेलेलं. परत शेतीकडे वळायचं म्हटलं तरी वळायचं कुठे? घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये भरवस्तीतलं एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत खाण होती. उत्खनन थांबलं तरी धोका थांबत नाही, आणि अशा जमिनीवर नवा उद्योग उभा करण्याआधी ती जमीन सुरक्षित करावी लागते.

ही जमीन सुरक्षित करायला आणि इथल्या माणसांना नवं काम द्यायला पैसा नव्हता, हे मला मान्य नाही. २०१० पासून केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि त्याची जागा राज्यांच्या नुकसानभरपाईच्या उपकराने घेतली. कोळशावर जमलेल्या या रकमेत खाणकामगाराच्या नव्या रोजगारासाठी राखीव वाटा कधी ठेवलाच गेला नाही.

उरतो जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी. २०१५ च्या कायदादुरुस्तीने आलेला हा निधी रॉयल्टीशी बांधलेला आहे. कोळसा कमी निघाला की तोही आटणार, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. म्हणून ठेकेदारी कामगारांची नोंद आणि प्रशिक्षण आजच, रॉयल्टी येते आहे तोवर, या निधीतून व्हायला हवं.

एक काम आपल्याही जिल्ह्याच्या फायद्याचं आहे. नागपूरजवळ भानेगावला वेकोलिने खाणीवरच्या ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यांतून वाळू काढायला सुरुवात केली. ती जितकी जास्त निघेल, तितका वैनगंगेच्या पात्रातला वाळूउपसा कमी करता येईल, आणि त्या कामावर पहिला हक्क खाणपट्ट्यातल्या प्रकल्पग्रस्तांच्या मुलांचा असावा. पुढच्या लेखांकात औष्णिक केंद्रांच्या राखेबद्दल.