महाड-पोलादपूरच्या दमट हवेतून तेजोमेघाचा फोटो काढता येतो का?

मृग म्हटलं की महाड-पोलादपूरकडच्या माणसाला पाऊस आठवतो. जूनच्या ७-८ तारखेला सूर्य मृग नक्षत्रात जातो, शेताची कामं सुरू होतात आणि पुढचे चार महिने तारे दिसायचं नाव नाही.

पण हेच मृग जानेवारीच्या रात्री डोक्यावर असतं. चार कोपऱ्यांना चार तारे आणि मधोमध एका ओळीत तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटात घुसलेला व्याधाचा बाण. त्या तीन ताऱ्यांच्या जरा दक्षिणेला बघितलं की एक धुरकट ठिपका दिसतो. तो एकटा तारा नाही. तो मृगातला तेजोमेघ, शास्त्रज्ञांच्या यादीतला एम ४२. वायू आणि धुळीचा हा प्रचंड ढग आपल्यापासून सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येतायत.

इन्स्टाग्रामवर याच तेजोमेघाचे गुलाबी-जांभळे फोटो फिरत असतात. ते बघून एखादा हौसेनं दुर्बीण घेतो, पोलादपूरजवळच्या शेतात लावतो, डोळा लावतो आणि त्याला दिसतो राखाडी डाग. कॅमेरा जोडला तर तारे फुगलेले, आकाश दुधाळ आणि अर्ध्या तासात सगळंच धूसर.

मग दोन निष्कर्ष निघतात. एक, नेटवरचे फोटो बनावट असतात. दोन, कोकणातल्या हवेत काही जमायचं नाही, जमवायचं तर आणखी मोठी दुर्बीण हवी. दोन्ही चुकीचे आहेत, आणि दुसरा तर खिशालाही महागात पडतो.

रंग खरे आहेत, डोळा कमी पडतो

अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग ओळखता येत नाहीत. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र मिनिटभर उघडा ठेवला तर मिनिटभराचा प्रकाश गोळा करतो. तेजोमेघातला हायड्रोजन ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो आणि ऑक्सिजन ५०१ नॅनोमीटरचा हिरवट. रंग तिथे असतातच, फक्त आपल्या डोळ्यासाठी फार मंद असतात. एडिटिंगमध्ये ते उठावदार केले जातात, हेही खरं.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी तेजोमेघाचा जगातला पहिला फोटो काढला, तोही याच मृगातल्या तेजोमेघाचा. त्या एका फोटोसाठी त्यांनी फोटोची काच सुमारे ५० मिनिटं उघडी ठेवली होती.

थोडक्यात, प्रकाश गोळा करायला वेळ लागतो. आणि त्या वेळात मध्ये असलेली हवा आपलं काम करत राहते.

‘हवा खराब आहे’ म्हणजे नेमकं काय?

इथे बहुतेक जण फसतात. खराब हवा म्हणजे एकच आजार नाही. हवा फोटोचं चार वेगवेगळ्या प्रकारे नुकसान करते आणि चारही गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिलं, हवेचं थरथरणं. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात, त्यातून येणारा प्रकाश इकडे तिकडे वळतो आणि तारे लुकलुकतात. फोटोत त्याच लुकलुकण्याचा फुगलेला ठिपका होतो. दिवसभर तापलेला स्लॅब, पत्रे, डांबरी रस्ता रात्री उष्णता सोडत असतात. म्हणून घराच्या गच्चीपेक्षा भात कापून मोकळं झालेलं शेत बरं. दुर्बीणही घरातून काढून लगेच वापरायची नसते. तासभर आधी बाहेर ठेवली की ती बाहेरच्या हवेइतकी गार होते आणि नळीच्या आतली हवा शांत होते.

मोठ्या दुर्बिणीचा हट्टही इथेच नडतो. आकाशातलं अंतर अंश, कला आणि विकला यांत मोजतात. १ अंश म्हणजे ३,६०० विकला. साध्या रात्री थरथरणाऱ्या हवेनं तारा ३ विकलांएवढा पसरला असं धरू. कॅमेऱ्याचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा आणि दुर्बिणीची फोकल लेंथ १,५०० मिलिमीटर असेल, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाची साधारण अर्धी विकला मावते. म्हणजे तारा ५-६ पिक्सेलवर पसरणार. फोकल लेंथ ४०० मिलिमीटर असेल तर एका पिक्सेलमध्ये २ विकला मावतात आणि तोच तारा दीड पिक्सेलमध्ये बसतो. हवा तीच, पण दोष जवळजवळ दिसेनासा झाला.

त्यातून मृगातला तेजोमेघ छोटा नाही. फोटोत तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद, म्हणजे सुमारे १ अंशाचा भरतो. १,५०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला साधा डीएसएलआर लावला तर तो चौकटीत पूर्ण मावतही नाही. दमट, थरथरत्या हवेत लहान दुर्बीण किंवा चांगली टेलिफोटो लेन्स जास्त कामाची, ती यामुळे.

दुसरं, हवेचा मळकटपणा. बाष्प, धूळ आणि धूर मिळून तेजोमेघाचा प्रकाश वाटेतच अडवतात. महाड भागात याचं स्वतःचं वेळापत्रक आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला तरी हवेत ओल भरलेली असते. पुढे उन्हाळा जवळ आला की भातखाचरात राब भाजणी सुरू होते, डोंगरावर वणवे लागतात आणि धुराचा थर सावित्रीच्या खोऱ्यात साचून राहतो.

यावर उपाय एकच, तेजोमेघ जास्तीत जास्त उंचावर असताना फोटो घ्यायचा. डोक्यावर बघताना प्रकाश हवेच्या जेवढ्या थरातून येतो, त्याच्या दुप्पट थर ३० अंशांवर असतो आणि १५ अंशांवर जवळजवळ चौपट. मृगातला तेजोमेघ महाडहून ६६ अंशांपर्यंत वर येतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करावी. दक्षिण आकाशातला प्रसिद्ध कॅरिना तेजोमेघ इथून जेमतेम १२ अंश वर येतो. मध्ये एखादी टेकडी आली तर तेवढाही नाही.

त्या रात्रीची हवा तपासायला अ‍ॅपच हवं असं नाही. कृत्तिकांकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं. सहा तारे सहज मोजता आले तर कामाला लागायचं. नुसता पुंजका दिसला तर त्या रात्री फार अपेक्षा ठेवायची नाही.

तिसरं, दव. बाकीचे दोष फोटो बिघडवतात, दव फोटोच बंद पाडतं. रात्री दुर्बिणीची काच मोकळ्या आकाशाकडे तोंड करून असते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. कोकणातल्या दमट हवेत मग तिच्यावर पाणी धरायला वेळ लागत नाही. थंडीत सह्याद्रीच्या उतारांवरून गार हवा खाली खोऱ्यात उतरते आणि पहाटे नदीकाठी धुकं साचतं, तीही त्यातलीच भर.

काच कपड्यानं पुसणं हा सगळ्यात वाईट उपाय. ओरखडे पडतात आणि पाच मिनिटांत पुन्हा दव येतं. त्यापेक्षा दुर्बिणीच्या तोंडाला लांब नळकांडं लावावं. जाड काळ्या फोमच्या शीटचं घरीही बनतं. सोबत १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा गरम पट्टा लावला की काच हवेपेक्षा किंचित उबदार राहते आणि तेवढं पुरतं. काम संपल्यावर ओली दुर्बीण तशीच पेटीत बंद करायची नाही. पूर्ण वाळवून, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवायची. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते आणि काचेवरचा लेप कायमचा जातो.

चौथं, उजळलेलं आकाश. मुंबई-गोवा महामार्ग, औद्योगिक वसाहत, चौकातले हायमास्ट, सगळ्यांचा प्रकाश वर जातो आणि हवेतल्या बाष्पावरून परत खाली येतो. म्हणून दिवे तेवढेच असले तरी दमट रात्री आकाश जास्त उजळ दिसतं. फक्त हायड्रोजन आणि ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारे फिल्टर मिळतात आणि तेजोमेघांसाठी ते खूप उपयोगी पडतात. पण ते थरथरणं थांबवत नाहीत, दवही नाही.

फुकटचा उपाय म्हणजे डोंगर. महामार्ग सोडून आतल्या खोऱ्यात गेलं आणि शहर आणि आपल्यामध्ये एखादी डोंगररांग आली की दिव्यांचा थेट त्रास संपतो. महाड-पोलादपूरला असं खोरं शोधायला लांब जावं लागत नाही.

शेकडो फोटोंचा एक फोटो

आज कुणी ड्रेपर यांच्यासारखा ५० मिनिटांचा एकच फोटो काढत बसत नाही. ३० सेकंदांचे १२० फोटो काढतात आणि डीप स्काय स्टॅकर किंवा सिरिलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक रचतात.

गणित सोपं आहे. तेजोमेघ प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, पण फोटोतले रवाळ ठिपके दर वेळी वेगळ्या जागी पडतात. १०० फोटोंची सरासरी काढली की हा रवाळपणा दहापट कमी होतो. शिवाय ज्या फोटोच्या वेळी वारा आला, ढग आला किंवा गाडीचा हेडलाइट पडला, तेवढा काढून टाकता येतो. बेभरवशाच्या हवेत हा सगळ्यात मोठा फायदा. तेजोमेघाचा मधला भाग फार तेजस्वी असतो आणि ३० सेकंदांत तो पांढरा पडतो. त्यासाठी २-३ सेकंदांचे थोडे फोटो वेगळे घेऊन नंतर जोडतात.

पण मर्यादाही समजून घ्यायला हवी. रचल्यानं रवाळपणा जातो, धूसरपणा जात नाही. धुक्यानं अडवलेला प्रकाश सेन्सरपर्यंत आलाच नसेल तर कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. आता एआयवाली अ‍ॅप्स एका बटणात फोटो धारदार करून देतात. त्यातलं काही सावरलेलं असतं आणि काही अ‍ॅपनं अंदाजानं रंगवलेलं. फोटो टाकताना जागा, तारीख, एकूण किती मिनिटं आणि कुठलं सॉफ्टवेअर, एवढं लिहिलं तरी बघणाऱ्याला काय बघतोय ते कळतं.

ध्रुवाची अडचण

पृथ्वी फिरते म्हणून तारे सेकंदाला १५ विकला सरकतात. त्यांच्यामागे दुर्बीण फिरवणारा माउंट लागतो आणि त्याचा अक्ष ध्रुवाच्या दिशेनं लावावा लागतो. महाड-पोलादपूर साधारण १८ अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त १८ अंश वर. उत्तरेला डोंगर असेल तर तो दिसतच नाही आणि नसेल तरी खालच्या धुरकट हवेत हरवतो. म्हणून जागा निवडताना दिवसाच मोबाईलमधल्या कंपासनं उत्तर दिशा मोकळी आहे का, ते बघून घ्यावं. दिवसा जाण्याचा आणखी एक फायदा, शेतमालकाला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवता येतं. रात्री शेतात लाल दिवा आणि तोफेसारखी नळी दिसली की गाव जागं होणारच.

मग नेमकं कधी जायचं?

जानेवारी-फेब्रुवारीत अमावस्येच्या आसपास. जानेवारीच्या मध्यात मृगातला तेजोमेघ रात्री साडेदहाच्या सुमारास सगळ्यात उंच असतो आणि फेब्रुवारीच्या मध्यात साडेआठच्या सुमारास. म्हणजे खोऱ्यात धुकं साचायच्या आधीच काम आटोपतं. धुकं लवकर उतरलं तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या बाजूला जाता येतं. तिथली उंची १,३०० मीटरच्या वर असल्यानं खोऱ्यातलं धुकं बऱ्याचदा खालीच राहतं, पण कड्यावरचा वारा दुर्बीण हलवतो.

मोठ्या वेधशाळा हा त्रास टाळायला उंच आणि कोरडी जागाच शोधतात. पुण्याच्या आयुकाची २ मीटरची दुर्बीण घाटमाथ्यापलीकडे जुन्नरजवळ गिरावलीला आहे. पण हौशी लोकांना कोकण वर्ज्य नाही. मुंबईचं खगोल मंडळ वर्षानुवर्षं वांगणीला आकाशदर्शन घेत आलंय आणि वांगणीही सह्याद्रीच्या पायथ्याशीच आहे.

या चारांपैकी दव, थरथरणं आणि मळकटपणा निसर्गाचे आहेत आणि ते एका रात्रीपुरते असतात. आज जमलं नाही तर पुढची अमावस्या असते. चौथा दोष माणसाचा आहे आणि तो दरवर्षी वाढतोय. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, कारण तिथे अंधार राखायचं ठरवून दिवे बदलले गेले. महाड-पोलादपूरच्या आतल्या खोऱ्यांमध्ये हा अंधार अजून शिल्लक आहे. गावातल्या नव्या दिव्यावर प्रकाश खाली पाडणारी टोपी बसवली, तरी तो पुढच्या पिढीला उरेल.