अंगणातलं पाळणाघर

पोफळीचं पान वाळून गळतं, तेव्हा देठाशी असलेली रुंद, चामड्यासारखी चिवट विरी त्याच्यासोबत खाली येते. चौल, नागाव, आक्षी या पट्ट्यातल्या वाडीत अशी विरी पडली की मुलांना हाक मारावी लागत नाही. एक जण तिच्यावर बसतो, दुसरा पानाचा शेंडा धरून ओढतो, आणि वाडीच्या पाटाकडेनं गाडी निघते. बसणाऱ्याला तोल सांभाळावा लागतो, ओढणाऱ्याला वळण घ्यावं लागतं, मागे उभी असलेली तिसरी आपली पाळी कधी येणार ते मोजत असते. कमरेची ताकद, अंदाज, थांबणं, वाटून घेणं हे सगळं त्या एका वाळक्या पानाभोवती घडतं. संध्याकाळी ते पान बंबात जातं. उद्या दुसरं पडतं.

लहान मुलांना दिवसभर सांभाळणं हा एक कसबाचा धंदा आहे, आणि रायगडच्या किनाऱ्याइतकी त्या कसबाला अनुकूल जागा महाराष्ट्रात फार थोडी असेल, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे हे कसब नव्यानं शोधायचीही गरज नाही. याच समुद्राला लागून, आपल्या उत्तरेला, ते ऐंशी वर्षांपूर्वी कुणीतरी घडवून ठेवलं आहे.

डहाणू तालुक्यातलं बोर्डी हे सुरूच्या बनाचं, किनाऱ्यावरचं गाव. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आज पालघरमध्ये आहे. ताराबाई मोडकांनी 1945 साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ताराबाई तेव्हा नवख्या नव्हत्या. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालमंदिराचं काम केलं होतं, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता, 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढला होता. माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये, सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जे पहिलं बालगृह उघडलं, त्याचा विचार भारतात रुजवणाऱ्यांत त्या आघाडीवर होत्या. पण आपलं बालमंदिर शहरातल्या ऐपतदार घरांपुरतं राहतंय, ही टोचणी त्यांना होती. लाकडी मनोरे, दट्ट्या, घासलेल्या पट्ट्या ही साधनं गावाला परवडणारी नव्हती. म्हणून त्या गावाकडे गेल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. जन्म 1910, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग जिद्दीनं शिक्षण आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी. ती स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं त्याच भागात राहिल्या.

बोर्डीत पहिला अनुभव असा की बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. आईबाप भल्या पहाटे कामाला जात. घरातलं मोठं मूल धाकट्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात बसे. मोठ्याला बालवाडीत पाठवायचं तर धाकटं कुणी सांभाळायचं? तेव्हा या बायकांनी सरळ उलटं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची. सामानाची पेटी उचलायची, वस्तीत जायचं, कुणाचं तरी सारवलेलं अंगण मागून घ्यायचं. आंघोळी घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. गावात एक केंद्रवर्ती बालवाडी आणि वस्तीत ही अंगणातली. तिचं नाव अंगणवाडी.

पुढे 1957 मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. तिथे गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं गुरांना सोडून येऊ शकत नाहीत, मग शिक्षकानंच कुरणात जावं. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडीही तिथलीच. बहीण शिकते आहे आणि भाऊ पलीकडच्या झोळीत निजला आहे, हे दृश्य शक्य करणं हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. मण्यांच्या जागी बिया आल्या, लाकडी ठोकळ्यांच्या जागी दगड, शिंपले, पानं. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे अनुताईंचं आत्मकथन मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येकीनं वाचावं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला नाव मिळालं अंगणवाडी. आज हा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत चालतो. देशाला मिळालेलं एवढं मोठं नाव एका किनारी गावातल्या सारवलेल्या अंगणातून गेलं, याचा अभिमान वाटतो. खंतही वाटते, कारण बऱ्याच ठिकाणी नाव राहिलं आणि अंगण गेलं. एक खोली, एक खिडकी, भिंतीवर फळं-भाज्यांचे तक्ते. सेविका जीव तोडून काम करतात. पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदी यातून त्यांना खेळासाठी किती वेळ उरत असेल ते त्यांच्या केंद्रात तासभर बसलं की कळतं. दोष त्यांचा नाही. आणि अंगणवाडी काही तासांची असते, आईचं काम मात्र दिवसभराचं.

किनाऱ्यावरच्या आईचं काम कसं असतं? थळ, वरसोली, आक्षी, कोर्लई, राजपुरी, जीवना बंदर, भरडखोल, कुठेही बघा. होडी लागते ती भरतीच्या वेळेप्रमाणे. लिलाव पहाटे, मग पाटी डोक्यावर घेऊन बाजार, नाहीतर बोंबील-सुकट वाळत घालणं आणि कावळ्यांपासून राखणं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा लावणीचे दिवस असतात. अलिबागला जिल्ह्याची कचेरी असल्यामुळे परिचारिका, शिक्षिका, बँकेत बसणाऱ्या मुली आहेत. किनाऱ्यावर घरगुती निवासाचा धंदा वाढला, तसं चादरी बदलणाऱ्या आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं कामही वाढलं. त्यांचा शनिवार-रविवार सगळ्यात दगदगीचा. कारखाने कायदा 1948 चा. तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर असलंच पाहिजे, असं तो सांगायचा. 2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ती सक्ती केली. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची असते. मासळीच्या लिलावात बसलेल्या बाईला मात्र मालक नाही, हजेरीपट नाही, म्हणून तिच्या मुलासाठी कायद्यात खोली नाही. तिला आजी आहे, नाहीतर शेजारीण.

त्या शेजारणीबद्दल मला लिहायचं आहे. घरगुती पाळणाघर तिच्यापासूनच सुरू होतं.

तिच्याकडे काय असतं? कौलारू घर, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण, मागे वाडी. मुलं सांभाळण्याच्या दृष्टीनं ही रचना अप्रतिम आहे. पडवी म्हणजे सावली आणि पावसातला खेळ. अंगण म्हणजे सगळ्यांवर एका नजरेत लक्ष. वाडी म्हणजे मोठ्यांचं धाडस. आणि माजघर अंधारं, थंड, दुपारच्या झोपेसाठी. नव्या बांधकामात एवढ्या वेगवेगळ्या उजेडाच्या जागा करायच्या म्हटलं तर वास्तुरचनाकाराला फार डोकं चालवावं लागेल.

खेळणी विकत आणायची नाहीत, गोळा करायची. करवंट्या घासून गुळगुळीत केलेल्या, लहान-मोठ्या. नारळाची सोडणं. हीर. सुरूची बोंडं, जी मुलं ओळीनं मांडतात, मोजतात, गाडीत भरतात. शिंपल्या, फणसाच्या आठळ्या, सागरगोटे, चिंचोके. नारळाच्या पातीची पिपाणी आणि भिरभिरं करणारा एखादा आजोबा आळीत असतोच. त्याला आठवड्यातून एकदा बोलवावं. पेण-हमरापूरचे गणपतींचे कारखाने याच जिल्ह्यातले, तेव्हा शाडूचा गोळा मिळवणं अवघड नाही. ओल्या फडक्यात बांधून ठेवला की आठवडाभर हातांना काम पुरतं. 1971 साली सायमन निकल्सन या इंग्रज शिल्पकारानं मांडलं की जागेत हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी मुलांची कल्पकता जास्त. आपल्या भातुकलीत तेच आहे. करवंटी सकाळी होडी असते, दुपारी पातेलं, संध्याकाळी कासव. प्लास्टिकची बोलणारी बाहुली फक्त बाहुलीच राहते.

दिवसाची आखणी सैल हवी, पण ठरलेली हवी. मूल आलं की आधी वाडीत एक फेरी: काय गळलं, काय उगवलं, रहाटाच्या विहिरीजवळ कोणता पक्षी बसला. मग मोकळा खेळ, निदान दोन तास, मध्ये न बोलता. हे ‘न बोलता’ फार कठीण असतं. मूल चिखलात हात घालून पंधरा मिनिटं नुसतं बसलं, तर आपल्याला वाटतं त्याला काहीतरी सुचवावं. सुचवू नये. नंतर पेज किंवा भात-आमटी, मुलांनी स्वतःच्या हातानं खाल्लेली, सांडलेलं त्यांनीच पुसलेलं. झोप. उठल्यावर गाणी आणि गोष्टी, घरच्या बोलीत. आगरी किंवा कोळी बोलणाऱ्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणून अडवलं की ते आधी गप्प होतं आणि मग इथे यायला नको म्हणतं.

पावसाळ्यात अंगण बंद, असं बरेच जण धरून चालतात. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्टीत तसं केलं तर वर्षाचे चार महिने मुलं भिंतीआड जातील. पागोळ्यांखाली करवंट्या मांडा. प्रत्येकीचा आवाज वेगळा येतो, आणि कोणती आधी भरते यावर पैजा लागतात. इरलं पाठीवर घेऊन केलेली पाच मिनिटांची फेरीही पुरते; पण परतल्यावर कोरडे कपडे आणि गरम पेज तयार पाहिजे.

आता धोक्यांबद्दल, आणि इथे हयगय चालत नाही. विहिरीला कठडा आणि वर जाळी नसेल तर पाळणाघर सुरूच करू नये. नारळ लागलेल्या माडाखाली खेळायला बसवू नये, आणि पाडप वेळच्या वेळी करावी. गुंजेची लाल-काळी बी दिसायला मोहक, आणि अत्यंत विषारी. गुंज, कण्हेर, धोतरा, एरंड अंगणाच्या आसपास नकोत. कोकणात फुरसं आहे. सोडणांचा, लाकडांचा ढीग खेळाच्या जागेपासून दूर ठेवावा आणि सर्पदंशाची लस कोणत्या दवाखान्यात असते ते आधीच विचारून ठेवावं. तीन वर्षांखालच्यांच्या हातात चिंचोका, सागरगोटा द्यायचा नाही. तो घशात अडकतो. वाळूचा हौद रात्री झाकायचा, नाहीतर मांजरं घाण करतात. समुद्रावर न्यायचं तर ओहोटीलाच, आणि दोन मुलांमागे एक मोठं माणूस असेल तरच. एका बाईनं एकटीनं पाच-सहापेक्षा जास्त मुलं घेऊ नयेत, त्यातलं रांगतं एकच असावं. फी थोडी जास्त घ्या, पण हा आकडा ओलांडू नका.

फीचं बोलायलाच हवं. शेजारीण आहे, म्हणून तिनं जमेल तेवढ्यात सांभाळावं, असं गावात गृहीत धरतात. जी बाई सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत सहा जिवांची जबाबदारी घेते, ती उपकार करत नाही, काम करते. अनुताईंनी बालशिक्षणाला शास्त्र मानलं आणि गावातल्या साध्या बायकांना त्यात तयार केलं. पाळणाघर चालवणारीला ते प्रशिक्षण आणि तो मान मिळाला पाहिजे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पाया मानलं आहे. त्या पायाचं काम ज्या पडव्यांवर आजच चालू आहे, तिथे पंचायतीनं पोचायला हवं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. रोठा सुपारीसाठी नाव कमावलेल्या श्रीवर्धनात पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी एका दुपारी गेल्या. नुकसानीचे पंचनामे झाडांच्या संख्येवर झाले. त्या झाडांखालची सावली, त्या विऱ्या, ती वाटोळी फिरणारी गाडी कुठल्याच पंचनाम्यात येणारी नव्हती. पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात; तेवढ्यात एक मूल जन्मून शाळेत जातं.

वादळापेक्षा हळू, पण तेवढंच नक्की असं आणखी एक नुकसान चालू आहे. रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत आळीआळीत कुलूपबंद घरं आहेत. मुंबईला गेलेलं कुटुंब गणपतीला येतं, शिमग्याला येतं, एरवी अंगणात गवत माजतं. जी घरं उघडी आहेत, त्यातल्या कित्येकांच्या अंगणात पाहुण्यांच्या गाड्यांसाठी पेव्हर ब्लॉक बसले. एकदा ते बसले की माती गेली, चिखल गेला, पागोळ्यांचं डबकं गेलं.

तुमचं असं एखादं घर या किनाऱ्यावर असेल, तर एक विनंती आहे. घर उघडू नका हवं तर. पडवी आणि अंगण आळीतल्या मुलं सांभाळणाऱ्या बाईला दिवसापुरतं वापरायला द्या. विहिरीवर जाळी बसवून द्या, दोन पोफळी लावा, आणि अंगणात फरशी घालू नका.