पक्षाघातानंतर पाण्याचा ठसका? दुर्लक्ष नको!

पक्षाघाताचा रुग्ण शुद्धीवर आला, की घरची माणसे आधी त्याच्या तोंडाला पाणी लावतात. मायेपोटी केलेली ही घाई अंगाशी येऊ शकते. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना सुरुवातीच्या दिवसांत गिळायला त्रास होतो.

घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते आणि श्वासनलिकेचे तोंड बंद होते. मेंदूला इजा झाली की हा मेळ बिघडतो. अन्नपाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी पातळ असल्याने झटकन घशात जाते, म्हणून ते सांभाळणे अवघड. आपली सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी कोरडी, भुगा होणारी. भाकरी दुधात कुस्करली तरी दूध आधी उतरते आणि तुकडे मागे राहतात.

जेवताना ठसका लागणे, नंतर आवाज घोगरा येणे, गालात घास साठणे, वारंवार ताप येणे ही धोक्याची लक्षणे. काहींना मात्र ठसकाही लागत नाही. म्हणून सिव्हिल असो वा खासगी रुग्णालय, तोंडाने काही देण्यापूर्वी ‘गिळण्याची तपासणी झाली का?’ असे डॉक्टरांना विचारा.

ही तपासणी व उपचार स्पीच थेरपिस्ट करतात. कारण बोलायला आणि गिळायला ओठ, जीभ, टाळू, घसा हेच अवयव लागतात. पदार्थ किती घट्ट हवा, कोणता व्यायाम करायचा, हे ते रुग्णागणिक ठरवतात. तोंडाने खाण्याची परवानगी मिळाल्यावर रुग्णाला ताठ बसवा, लहान घास द्या, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका आणि तोंड स्वच्छ ठेवा.

वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली, असे नव्हे. मेंदूच्या डाव्या बाजूच्या इजेमुळे शब्द हरवतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६० च्या दशकातच दाखवून दिले. सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात आणि बाहेर मराठी. रुग्ण कोणत्या भाषा बोलत होता, हे थेरपिस्टना आवर्जून सांगा. घरी एका वेळी एकच प्रश्न विचारा, उत्तरासाठी थांबा, खुणा आणि चित्रे वापरा.

थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हेही पाहा. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितके चांगले.