माशाचे नाव शोधताना

प्रयाग चिखलीला पंचगंगेच्या काठी जाळे ओढताना तुम्ही कधी पाहिले आहे काय? जाळ्यात चार-सहा प्रकारचे मासे असतात. कोळीदादांना विचाराल तर ते प्रत्येकाचे नाव सांगतील. पण नदीच्या खालच्या अंगाला नृसिंहवाडीकडे गेलात, तर त्याच माशाला दुसरे नाव असण्याचा संभव असतो. मग वहीत लिहायचे काय?

हा प्रश्न कर्नल साईक्स यांच्यापुढेही होता. दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले. गंमत अशी की, नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्यांनी येथेच ऐकलेली नावे पुष्कळदा तशीच ठेवली. खुद्री, कोलस, मुसुल्ला ही ती नावे. त्यांचा मूळ लेख पूर्वी मोठ्या ग्रंथालयातच मिळे; आज 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी' या संकेतस्थळावर त्याची पाने घरबसल्या वाचता येतात.

परंतु जुना लेख वाचून भागत नाही, कारण नावे बदलतात. मुसुल्ला हा मासा कित्येक वर्षे महाशीरांच्या 'टॉर' या प्रजातीत गणला जाई. आता तो 'हिप्सेलोबार्बस' मध्ये आहे. म्हणजे जुन्या यादीत 'टॉर मुसुल्ला' दिसला, तर तो नक्की कोणता मासा, हे तपासावेच लागते. नाहीतर पंचगंगेतून कोणता मासा नाहीसा झाला, या प्रश्नाचे उत्तरच चुकेल! ही तपासणी 'कॅटलॉग ऑफ फिशेस' मध्ये करावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया अकॅडमीतील विल्यम एश्मेयर यांनी ती सूची उभी केली. मूळ नाव, वर्ष आणि आजचे ग्राह्य नाव तीत मिळते. 'टॉर खुद्री (साईक्स, १८३९)' यातील कंसाचा अर्थ ठाऊक आहे? साईक्सनी हा मासा दुसऱ्या प्रजातीत, 'बार्बस' मध्ये, ठेवला होता, एवढेच तो कंस सांगतो.

माशाचा आकार, अन्न, वीण यांसाठी 'फिशबेस' पाहावे. १९९६ पासून ते संगणकजालावर असून त्यात सुमारे ३५ हजार जाती आहेत. त्यातील काही नकाशे मात्र संगणकाने अंदाजाने काढलेले असतात. नकाशात कोल्हापूर रंगवलेले दिसले म्हणून मासा येथे सापडलाच असे समजू नये.

आणि संगणकाआधी मासा पाहा. मिशा किती, पार्श्वरेषेवर खवले किती, पाठीच्या परात काटे किती, हे मोजा. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या. आजरा-गडहिंग्लजमधून वाहणाऱ्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, आंबोलीला, मिळालेल्या एका लहान माशाला २०२० मध्ये 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव मिळाले. त्यासाठीही आधी अशीच मोजमापे करून ती ज्ञात जातींशी ताडून पाहावी लागली.

पहिल्या प्रयत्नाला बाजारातली चिलापी घ्या. ही मूळची आफ्रिकेची. १९५२ मध्ये भारतात आणली गेली. तिच्या शेपटीच्या परावर उभे पट्टे आहेत का, ते नीट पाहा. असतील तर ती मोझांबिकची नव्हे, बहुधा नाईलची चिलापी आहे.