शंभर मैल, दुडक्या चालीने (लेखांक ५)

ऐतिहासिक कादंबरीतला घोडा बहुधा भरधाव सुटलेलाच असतो. सिनेमातलाही तसाच. लांबचा पल्ला गाठायचा असला, की जाणता स्वार मात्र त्याला दुडकीवर ठेवतो. मागच्या लेखात सगळ्या चालींची ओळख झाली. आज ही एकच चाल, आणि तिच्या जोरावर दिवसात १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर जाणारे घोडे.

कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावचा वेंडेल रोबी लाकडाच्या व्यापारातला. आजचा घोडाही दिवसात शंभर मैल जातो हे दाखवायला १९५५ साली तो बँडॉस नावाच्या अरबी घोड्यावर, मोजक्या साथीदारांसह, टाहो सरोवराकडून निघाला आणि सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडून ऑबर्नला पोचला. त्यातून ‘टेव्हिस कप’ ही शर्यत उभी राहिली. मुदत २४ तास. त्यातले दोन तास सक्तीच्या विश्रांतीचे. उरलेल्या २२ तासांत ताशी सव्वासात किलोमीटर पडतात. एवढंच? पण चढ दमवणारे, उतार असे की कित्येक स्वार घोड्यावरून उतरून पायी चालतात, आणि दऱ्यांत उन्हाची काहिली. तिथे गेलेला वेळ भरून काढायचा तो सपाटीवर, ताशी १५ किलोमीटरच्या दुडकीने. निघालेल्यांपैकी जेमतेम निम्मे शेवटपर्यंत टिकतात.

दुडकीच का? या चालीत पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकत्र पडतात, मग उरलेली जोडी. दोन्ही बाजूंवर भार सारखा येतो. १९८१ साली हॉइट आणि टेलर या संशोधकांनी लहान चणीचे घोडे ट्रेडमिलवर चालवून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. प्रत्येक चालीचा एक किफायतशीर वेग असतो आणि मोकळा सोडलेला घोडा आपण होऊन त्याच्याच आसपास राहतो, असं त्यांना दिसलं. दुडकी हट्टाने ताणत नेली तर खर्च वाढतो. त्यापुढे घोड्याला दौडू देणंच स्वस्त. थोडक्यात, जलद दुडकीलाही मर्यादा आहे आणि ती घोड्यागणिक वेगळी.

स्वारालाही काम असतं. प्रत्येक दुसऱ्या ठेक्याला तो रिकिबीत उठतो, म्हणजे पाठीला हादरे कमी बसतात. पण तो नेहमी एकाच जोडीवर खोगिरात टेकत राहिला, तर घोड्याची एक बाजू जास्त शिणते. म्हणून अधूनमधून एक ठेका चुकवून जोडी बदलायची. नवशिके हेच विसरतात.

तयारीतला खरा धोका निराळाच. काही महिन्यांच्या नियमित रपेटीने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात. घोडा उसळू लागतो, स्वार खूश होतो. पण स्नायुबंध आणि हाडं पक्की व्हायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. दम भरपूर आणि पाय कच्चे, अशा घोड्याला जोरात पळवलं की तो लंगडतो. म्हणून आधी लांब आणि संथ रपेटी. मग अंतर किंवा वेग, यांतलं एकच वाढवायचं. कष्टाच्या रपेटीनंतर विश्रांतीचे दिवस हवेतच, कारण शरीराची डागडुजी तेव्हाच होते.

पाण्याचं गणित तर आणखी फसवं. उन्हात राबणारा घोडा तासाला १० लिटरहून अधिक घाम गाळू शकतो, आणि त्या घामात क्षार भरपूर. पाण्याबरोबर मीठही जात असल्याने रक्त खारट होत नाही, म्हणून तहानेची जाणीवही नीट होत नाही. शरीर कोरडं पडत असताना घोडा पाण्याला तोंड लावत नाही. अनुभवी स्वार वाटेत क्षार देतात आणि ओढा लागला की थांबतात, मागचे कितीही पुढे निघून गेले तरी.

हे सगळं जमलं की नाही, ते तपासणीच्या ठिकाणी कळतं. नाडी मिनिटाला साधारण ६० ते ६४ पर्यंत उतरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पशुवैद्य आतड्यांचे आवाज ऐकतो, हिरड्या दाबून पाहतो. मग केरी रिजवे या पशुवैद्याच्या नावाने ओळखली जाणारी परीक्षा: नाडी मोजायची, घोडा थोडं अंतर दुडकीने नेऊन परत आणायचा, मिनिट भरताच पुन्हा मोजायची. ६० ची ६० किंवा ५६ आली तर उत्तम. ६० ची ७२ झाली, तर घोडा बाहेरून कितीही ताजा दिसो, पशुवैद्य त्याला बारकाईने तपासायला घेतो.